डावीकडचे चेंडू

बाटलीचं झाकण मला उघडेना. साधी पाण्याची बाटली, क्लबच्या कँटीनमधली. मंगळवारची दुपार, सराव संपून अर्धा तास झालेला. मी ती काखेत धरून पाहिली, गुडघ्यांत धरून पाहिली आणि मग आपल्याला तहानच नाही अशा थाटात टेबलावर ठेवून दिली. समोर शिडी बसली होती. ताटात डोकं घालून जेवत होती. तिनं मान वर न करता हात लांब केला, बाटली घेतली, झाकण फिरवलं, परत हलकंसं बसवलं आणि बाटली माझ्यापुढे सरकवली. पुढचा घास घेतला. तिला कळलंय हे मला तेव्हा कळलं.

शिडी म्हणजे आमच्या संघाची दुसरी गोलकीपर. पहिली मी. संघातल्या बाकीच्या पोरींच्या जागा इकडच्या तिकडे होतात. आज मागे खेळणारी उद्या मधे खेळते, कुणी दमली तर शेवटच्या वीस मिनिटांत दुसरी आत जाते. गोलमधली जागा मात्र एकच, आणि तिथे जी उभी राहते ती वर्षभर हलत नाही. दुसरी गोलकीपर म्हणजे पहिलीचं काहीतरी मोडायची वाट बघत बाकावर बसलेली बाई. माझं मोडलं होतं. गेल्या शुक्रवारी सरावात, उजवा अंगठा, आणि तो चेंडू शिडीनंच मारला होता. मी हात झटकला, हसले, "एवढाच जोर?" म्हणाले आणि पुढचे तीस चेंडू दातओठ खाऊन अडवले. फिजिओकडे गेले नाही. गेले असते तर त्यानं एक्स-रे काढायला लावला असता आणि संध्याकाळपर्यंत सरांना कळलं असतं. सर म्हणजे आमचे कोच. महिन्यापूर्वी त्यांनी आम्हां दोघींना एकाच वेळी खोलीत बोलावलं होतं आणि टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत, आमच्याकडे न बघता सांगितलं होतं की पुढच्या हंगामात क्लब दोघींपैकी एकीलाच ठेवणार. "शेवटच्या सामन्यापर्यंत बघतो," म्हणाले. शेवटचा सामना या शनिवारी होता. शिडीनं सरांच्या दारावर टकटक करून 'हिचा अंगठा बघा' एवढं म्हटलं असतं की माझा खेळ खलास. बाटली उघडी होती, तरी मी पाणी प्यायले नाही.

तिला शिडी म्हणायला सुरुवात मीच केली, आणि ती काही कौतुकानं नव्हे. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा सामानघराच्या दारातून वाकून आत शिरली. मला सगळ्या पोरी मावशी म्हणतात. वयानं सगळ्यांत मोठी म्हणूनही, आणि मी बुटकी, उड्या मारणारी, मांजरासारखी. आणि मांजर म्हणजे वाघाची मावशी. तेहतिसाव्या वर्षी हे नाव अंगाला चिकटलं की आंघोळीनं जात नाही. तर ही सव्वीस-सत्तावीस वर्षांची ताडमाड बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली आणि म्हणाली, "तुमचा खेळ बघून मी गोलकीपर झाले." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखादीला म्हातारी म्हणायच्या जितक्या तऱ्हा आहेत त्यांत ही सर्वांत गोड. मी म्हणाले, "मग आता बघत बस." आणि ती बसली. दोन हंगाम बसली. बाकाच्या डाव्या टोकाला, गुडघे जवळजवळ हनुवटीपर्यंत आलेले, गळ्याभोवती टॉवेल. एकही सामना तिला मिळाला नाही, कारण मी ताप आला तरी खेळले, पाठ धरली तरी खेळले, आणि दादाच्या लग्नालासुद्धा फक्त जेवणापुरती गेले. वहिनी अजून मला ते ऐकवते.

पण बाकावर बसलेली माणसं काय करतात याचा मी कधी विचार केला नव्हता. बाकीच्या राखीव पोरी चेंडू जाईल तिकडे बघतात. शिडी चेंडू बघत नसे. चेंडू पलीकडच्या टोकाला असला तरी ती मलाच बघत असे. हे मला पहिल्या वर्षाच्या शेवटी कळलं. त्या दिवशी माझ्या दोन पायांमधून एक चेंडू गेला होता, इतका साधा की गोल झाल्यावर मारणारीलाच लाज वाटली. सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी माझ्यापासून दोन हात अंतर राखलं, सुतक असल्यासारखं. शिडी येऊन शेजारी बसली. मला वाटलं आता ही माझं सांत्वन करणार, आणि मी एक सणसणीत वाक्य जुळवत होते. ती म्हणाली, "तुमचा डावा पाय वीतभर उशिरा आला. चाळिसाव्या मिनिटापासून येत होता. बुटाची नाडी सैल होती का?" मी खाली बघितलं. नाडी सैल होती. मला हसू आलं आणि रडूही आलं. पाणी आणायच्या निमित्तानं मी उठून गेले. आयुष्यात पुष्कळ लोकांनी मला बघितलं, टाळ्या वाजवल्या, शिव्या घातल्या. एक माणूस तर सहा वर्षं माझ्याबरोबर राहिला. पण माझा डावा पाय चाळिसाव्या मिनिटापासून उशिरा येतोय हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. मला इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं, आणि जिनं पाहिलं तिला माझी जागा हवी होती.

तेव्हापासून मी तिच्यावर जास्तच खेकसू लागले. आईला दर गुरुवारी फोन करते, त्यात अर्धा वेळ शिडीच्या तक्रारी असत. चहात साखर किती घालते, हातमोजे धुऊन माझ्याच हातमोज्यांशेजारी कसे वाळत घालते, दाराच्या चौकटीवर कसं डोकं आपटते आणि दाराचीच माफी कशी मागते. आई चाळीस वर्षं पोस्टात पत्रं वेगळी करत होती. पाकीट न उघडता आतलं ओळखायची तिला सवय आहे. एकदा ती म्हणाली, "तू तिच्याबद्दल एवढं वाईट बोलतेस, की मला ती मुलगी आवडायला लागलीय." मी म्हणाले, "आई, काहीतरीच तुझं." आई म्हणाली, "बरं." तिच्या त्या 'बरं'वर मी आठवडाभर धुमसत होते.

मग ती बस. बाहेरगावचा सामना हरून परत येत होतो, दुपारची उन्हं काचेतून आत आलेली, सगळ्या पेंगत होत्या. शिडी माझ्या शेजारी, कारण तिचे पाय फक्त मागच्या दाराजवळच्या सीटसमोर मावतात आणि ती सीट माझी. झोपेत तिचं डोकं घरंगळत माझ्या खांद्यावर आलं. मी सरकवायला हात उचलला तोच ती जोरात ओरडली, "माझा!" उंच चेंडू आला की गोलकीपर असं ओरडते, म्हणजे बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. अख्खी बस खो खो हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "घे गं बाई, तुझीच मावशी." शिडी जागी झालीच नाही. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण कान तापले होते, आणि पुढचे दोन तास खांदा हलवला नाही. मुंग्या आल्या, त्या गेल्या, मग खांदाच नाहीसा झाला. उतरताना ती डोळे चोळत म्हणाली, "तुमचा खांदा टोचतो." मी म्हणाले, "मग दुसरीचा बघ." ती म्हणाली, "नको. सवय झालीय." तिनं ते बॅग शोधता शोधता म्हटलं होतं, पण मी ते घरी आणलं, आणि भांडी घासताना, जिना चढताना, दिवा मालवताना मला ते ऐकू येत राहिलं.

या हिवाळ्यात कधीतरी ती मला तू म्हणायला लागली. कधी ते नेमकं आठवत नाही, दोघींनीही त्याचा बाऊ केला नाही. सामानघरात हातमोजे दोरीवर घालता घालता मी तिला एकदा विचारलं, "खरं सांग, बाकावर बसून वाटतं ना, हिनं चुकावं?" ती चिमटा तोंडात धरून उभी होती. तो काढून म्हणाली, "आधी वाटायचं." "आणि आता?" ती बराच वेळ माझे मोजे सारखे करत राहिली, तिच्या दहा नंबरच्या मोज्यांशेजारी माझे आठ नंबरचे. मग म्हणाली, "आता तू चुकलीस की मला घरी जेवण जात नाही. आणि तू चुकली नाहीस तर मला खेळायला मिळत नाही. म्हणजे माझी दोन्हीकडून उपासमार." मी हसले, आणि तीही हसली. तिथेच काहीतरी बोलायला हवं होतं. पण समोर महिना उरला होता आणि जागा एक होती, आणि जिची जागा आपण अडवून बसलोय तिला काय तोंडानं सांगायचं की मला तू हवीस? ती म्हणाली असती, मग उठ की. मी उठले नसते. मला माझी पूर्ण खात्री होती.

म्हणून मंगळवारपासून मी वाट बघत होते ती तिच्या टकटकीची. बुधवारी ती सरांच्या खोलीत गेली, तेव्हा मी बाहेरच्या नळावर पाच मिनिटं एकच बूट धूत बसले. ती नवे बूट मागायला गेली होती. मग एक फार घाण विचार आला, आणि तो हाकलला तरी जाईना. शुक्रवारचा तो चेंडू. तिनं मुद्दाम मारला असेल का? दोन वर्षं मला बघतेय. मी उजवा अंगठा किंचित आत वाकवते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? या विचारानं मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. तिचा राग आला असता तर सगळंच सोपं झालं असतं. गुरुवारी आईशी बोलताना मी शिडीचं नाव काढलं नाही. आई म्हणाली, "आज तक्रार नाही? काय झालंय?" मी म्हणाले, "काही नाही, हात जरा दुखतोय." "तिला सांगितलंस?" फिजिओला नाही, सरांना नाही, आईनं विचारलं ते तिला. शुक्रवारी यादी लागली, पहिलं नाव माझं. शिडी माझ्या डोक्यावरून यादी वाचत होती. तिचा श्वास माझ्या केसांत आला. "उद्या जरा लवकर ये," एवढंच म्हणाली, "अंग नीट गरम करून जा."

शनिवारी दुपारी मी संडासात कडी लावून अंगठा शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधला, वर मोजा चढवला आणि मैदानावर आले. सामन्याआधी वीस मिनिटं दुसरी गोलकीपर पहिलीला चेंडू मारून देते, ही जगभरची रीत आहे. जिला आपली जागा हवी असते तीच आपल्याला खेळासाठी तयार करते. मी त्यावर कधी विचार केला नव्हता, जसा न्हाव्याच्या हातातल्या वस्तऱ्याचा कुणी विचार करत नाही. शिडीनं चेंडू ओळीत मांडले. पहिला डावीकडे, खाली. दुसरा डावीकडे, कमरेइतका. तिसरा छातीवर, चौथा डावीकडे. स्टँड भरत होते, कुणीतरी भोंगा वाजवून बघत होतं, सर रेषेजवळ हाताची घडी घालून उभे होते. नववा, दहावा. मी उठत होते, पडत होते, आणि मला छान वाटत होतं, अंगठा दुखतच नव्हता. बाराव्या चेंडूला माझी ट्यूब पेटली. माझी उजवी बाजू कोरडी होती. गुडघा, कोपर, सगळी माती डावीकडे. ती वीस पावलांवरून, दर वेळी अंग वेगवेगळं वळवून, डोळे उजवीकडे फेकून, जणू काही सगळीकडे मारतेय असं नाटक करत, छातीवरचे सोडले तर एकूण एक चेंडू माझ्या चांगल्या हाताला देत होती. सरांना कळू नये म्हणून. मला खेळता यावं म्हणून. आणि मी हिच्याबद्दल काय काय विचार केला होता.

"उजवीकडे मार," मी ओरडले.

तिनं तेरावा डावीकडे मारला. मी तो अडवलाच नाही, बाजूनं जाऊ दिला आणि चालत तिच्यापर्यंत गेले. "उजवीकडे मार म्हटलं ना?"

"नाही मारणार."

"समोरच्या टीमला सांगितलंयस का, की डावीकडेच मारा म्हणून?"

"गप उभी राहा जागेवर. सर बघतायत."

"बघू देत. तुला अक्कल आहे का? आज मी उभी राहिले तर तू जाणार. सोमवारी तुझं सामान बाहेर."

"मला माहितेय."

"मग कशाला?"

तिनं चेंडूवर पाय ठेवला. तिचं नाक लाल झालं होतं. "कारण मोडला माझ्यामुळे," ती म्हणाली. "आवाज ऐकला मी. आणि तुझी जागा मला मिळवायचीय गं, पण अशी नाही. आणि..." तिनं चेंडू पायाखाली मागे-पुढे केला. "आणि तू गोलमध्ये नसलीस तर मी काय बघू? मला दुसरं काही बघता येत नाही आता. सांग ना."

दोन हजार माणसं होती. भोंगा पुन्हा वाजला. माझ्या मनात आलं की तिचा चेहरा दोन्ही हातांत धरावा, पण हातांत मोजे होते आणि एक अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता. मी तेहतीस वर्षांत कुणालाही न दिलेलं उत्तर दिलं. म्हणाले, "मी बाकावर आहे. बघायचं असेल तर तिकडे बघ. चेंडूकडे पण बघ अधूनमधून." आणि दातांनी उजवा मोजा ओढून काढला आणि तसाच हात घेऊन सरांकडे गेले. सरांनी अंगठा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला सतराव्या वर्षी निवडलं होतं. "केव्हापासून?" "गेल्या शुक्रवारपासून." "गाढव आहेस," ते म्हणाले, आणि यादीतलं नाव खोडायला खिशात पेन शोधू लागले. मला वाटलं होतं की त्या क्षणी आत काहीतरी कोसळेल. तसं झालं नाही. फक्त तहान लागली होती, खूप.

बाकावर डावीकडचं टोक माझं झालं. तिथून मैदान वेगळंच दिसतं, चपटं आणि लांबलचक. मी चेंडूकडे बघायचं ठरवलं होतं आणि मला ते पाच मिनिटंसुद्धा जमलं नाही. नवव्या मिनिटाला पलीकडून एक लांब चेंडू आला, त्यांची पुढची पोरगी त्यामागे धावली, आणि शिडी गोल सोडून तुफान पुढे आली. का आली? तिच्या उंचीच्या बाईनं रेषेवर उभं राहून नुसते हात पसरले तरी गोल झाकला जातो. पुढे यावं लागतं ते बुटक्यांना. पुढे यायची ती पद्धत, खांदा आधी टाकून, हनुवटी खाली घालून, ती माझी होती. दोन वर्षं तिनं मला बघितलं होतं, आणि बघून बघून तिचं सहा फुटांचं अंग माझ्या पाच फूट चारमध्ये कोंबून ठेवलं होतं. त्या पोरीनं चेंडू अलगद तिच्या डोक्यावरून टाकला. एक-शून्य. शिडी गुडघ्यांवर बसून बाकाकडे बघत राहिली, मोठ्या मुलीनं आईचा ग्लास फोडावा तशी. मी कशी उठले, रेषेपर्यंत कशी गेले, मला आठवत नाही. पंच शिट्टी वाजवत माझ्याकडे धावत होता आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "अगं, तू मी नाहीयेस! ऐकतेस का? मागे राहा! तुझी उंची काय कपाटावरचे डबे काढायला दिलीय? मागे राहा आणि तुझं तू खेळ!" अख्खं मैदान ऐकत होतं. पंचानं मला पिवळं कार्ड दाखवलं, बाकावर असताना मिळालेलं माझं पहिलंच. शिडीनं मान डोलावली, उठली, मागे गेली आणि रेषेवर उभी राहिली. तिनं हात पसरले, आणि मी तिला पहिल्यांदा पूर्ण उंचीची बघितली.

त्यानंतर तिच्याकडून एकही गोल गेला नाही. सातवा की आठवा वाचवला तेव्हा माझ्या शेजारच्या पोरीनं विचारलं, "मावशी, रडतेयस का?" मी म्हणाले, "अंगठा दुखतोय." बरोबरी झाली, एक-एक. कुणाचंच फारसं काही बिघडलं नाही. शिट्टी वाजल्यावर सर माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी ती." मी म्हणाले, "बरोबर आहे." आणि ते खरोखर बरोबर होतं, म्हणून छातीत एवढं दुखलं. सोळा वर्षं मी या गवतावर पडत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

फिजिओनं अंगठ्याला मनगटापर्यंत प्लास्टर घातलं, दोन ठिकाणी मोडलाय म्हणाला, आणि मला वेडी ठरवून तोही गेला. मी त्या उंच पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसले होते. शिडी दारातून आली आणि कपाळ चौकटीवर आपटलं. दाराला "सॉरी" म्हणाली. केसांत माती, मोजे अजून हातात. मला बघून तिला रडू आलं, आणि ते लपवायला जागा नव्हती, कारण तिचा चेहरा नेहमी सगळ्यांच्या वर असतो.

"सरांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "तू आता काय करणार?"

"आता? घरी जाणार."

"कुणाच्या?"

तिनं हे असं विचारलं, जसं बसचा थांबा विचारतात. पण मोजे तिनं छातीशी घट्ट धरले होते.

"तुझ्या," मी म्हणाले.

तिनं माझी बॅग उचलली, स्वतःची उचलली, आणि दोन्ही एकाच खांद्यावर घेत म्हणाली, "चौथा मजला आहे. लिफ्ट नाही."

"अंगठा मोडलाय गं माझा," मी म्हणाले, "पाय नाही." आणि पलंगावरून उतरायला डावा हात तिच्यापुढे केला.